जुना कॉम्प्रेसर घेतला. पण त्याचा स्टार्टर कोणी तपासला?

भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीमार्गे रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर प्रवास केला, तर दर थोड्या अंतरावर टायरचे दुकान, डेंटिंग-पेंटिंगचा गाळा, रेडिएटरवाला किंवा ट्रॅक्टर धुण्याचा रॅम्प दिसतो. जुन्या कागदपत्रांत या रस्त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. पण गाळ्यांचे स्वरूप तेच. यांपैकी अनेक गाळे आपल्या समाजातील बांधवांचे आहेत. या सर्वांचे एक समान हत्यार म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर. ट्रकच्या टायरमध्ये ११०-१२० पौंड हवा भरायची असो, स्प्रे गनने रंग मारायचा असो की न्यूमॅटिक पान्याने चाकाचे नट सोडवायचे असोत, हवा नसेल तर दुकान उघडून उपयोग नाही.

हवेवर चालणारा धंदा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. तुमसर तालुक्यातील चिखला येथील भूमिगत मँगनीज खाणीसारख्या खाणींतून खडक फोडणारी ड्रिल यंत्रे दाबाच्या हवेवरच चालविण्याची पद्धत जुनी आहे. अलीकडे भात गिरण्यांत तांदळातील काळा दाणा वेगळा करणारी सॉर्टेक्स मशीन आली. तिच्यातील खराब दाणा बाजूला उडविण्याचे कामही हवेचा बारीक झोतच करतो. त्यामुळे कॉम्प्रेसरची गरज टायरच्या दुकानापुरती राहिलेली नाही.

नव्या यंत्राची किंमत मात्र छोट्या कारागिराच्या आवाक्यात बसत नाही. बँकेचे कर्ज काढायचे तर व्याज आले, आणि व्याजापासून दूर राहण्याची ज्यांची धडपड आहे त्यांच्यापुढे साठविलेल्या रोख पैशात जुने यंत्र घेणे हाच मार्ग उरतो. नागपूरच्या जुन्या मशिनरीच्या बाजारातून, बंद पडलेल्या कारखान्यांतून किंवा सरकारी कंपन्यांच्या लिलावातून अशी यंत्रे मिळतात. यात काही गैर नाही. ओतीव लोखंडाचा पिस्टन कॉम्प्रेसर नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे काम देतो. रिंगा, व्हॉल्व्हच्या पट्ट्या, बेअरिंग बदलली की तो पुन्हा उभा राहतो.

पण आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक जुनी यंत्रे लोखंडामुळे बंद पडलेली नाहीत. ती विजेच्या बाजूने मेली. घेणारा हेड पाहतो, तेल पाहतो, टाकी वाजवून पाहतो. मोटर ज्या डब्यातून चालणार तो डबा उघडून पाहायचे कोणाच्या मनातही येत नाही.

एका रात्रीत काय झाले?

साकोलीकडच्या एका तरुण बांधवाची हकीकत त्याच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. टायर आणि बॉडी रिपेअरच्या कामासाठी त्याने दहा हॉर्सपॉवरचा दोन टप्प्यांचा जुना कॉम्प्रेसर घेतला. दोन वर्षांची बचत आणि वडील बंधूने दिलेले बिनव्याजी उसने पैसे त्यात गेले. मोटर यंत्रासोबत आली, स्टार्टर आला नाही. तो त्याने वेगळा, भंगारातून घेतला.

वायरमनने जोडणी केली आणि यंत्र सुरू झाले. टाकी भरली, प्रेशर स्विचने मोटर बंद केली. येथपर्यंत ठीक होते. पण हवा वापरून दाब उतरला तरी मोटर पुन्हा आपोआप सुरू होईना. दर वेळी उठून हिरवे बटण दाबावे लागे. वायरमनने उपाय काढला: पुठ्ठ्याची घडी करून हिरवे बटण कायमचे दाबून ठेवले. मोटर आपोआप चालू-बंद होऊ लागली. सगळे खूश.

दोन दिवसांनी दुसरी तक्रार आली. टाकीत थोडी हवा असताना मोटर सुरू झाली की ओव्हरलोड रिले ट्रिप होई. उपाय: रिलेची खुंटी शेवटच्या आकड्यापर्यंत फिरविली. तरीही कधीकधी ट्रिप होई, तेव्हा रिलेचा रीसेट ‘हँड’वरून ‘ऑटो’वर टाकला, म्हणजे ट्रिप झाला तरी थंड होऊन स्वतःच परत जोडला जाईल. पुन्हा सगळे खूश.

मग जून महिन्यात एका वादळी रात्री डीपीवरचा एक डीओ उडाला. तीनपैकी एक फेज गेला. दुकान बंद होते, पण मेन स्विच पाडलेला नव्हता. टाकीतील हवा कुठल्यातरी फटीतून हळूहळू गळत होती. दाब उतरल्यावर प्रेशर स्विचने आपले काम केले आणि मोटरीला हुकूम दिला. दोन फेजवर मोटर फिरू शकत नाही, ती नुसती घुमत राहिली. रिले तापला, तुटला, थंड झाला, परत जुळला. मोटर पुन्हा घुमली. हे किती वेळा झाले ते अल्लाहलाच ठाऊक. सकाळी शटर उघडले तेव्हा जळलेल्या वॉर्निशचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

यंत्र घेऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. रिवाइंडिंगला मोटर नागपूरला गेली आणि बारा दिवस दुकान हवेविना बसले.

आम्ही एका वयोवृद्ध वायरमन उस्तादांना सोबत घेऊन ती जोडणी पाहिली. त्यांनी पुठ्ठ्याची घडी बोटात धरली आणि म्हणाले, “बेटा, मोटर जळाली नाही, तू जाळलीस. यात तीन चौकीदार होते. तिघांचेही तोंड तू बांधून ठेवलेस.” बोलणे कडू होते, पण त्यात खोटे काही नव्हते. प्रत्येक तक्रारीमागे एक कारण होते. कारण न शोधता तक्रार करणाऱ्यालाच गप्प केले गेले.

बटण का धरून ठेवावे लागले?

साध्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टरची कॉइल ओढली जाते. कॉन्टॅक्टर बसला की त्याच्यावरचा एक लहान जादा संपर्क बटणाला समांतर जुळतो आणि बोट काढले तरी कॉइलला वीज मिळत राहते. वायरमन याला ‘होल्डिंग’ म्हणतात. वीज गेली, लाल बटण दाबले किंवा वाटेत कुठेही तार तुटली की होल्डिंग सुटते आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय यंत्र चालत नाही. पिठाच्या गिरणीला, करवतीला हेच योग्य आहे. वीज परत आल्यावर यंत्र अचानक फिरू नये यासाठीच ही रचना आहे.

याच वाटेत प्रेशर स्विच बसविला की तो उघडताच होल्डिंग सुटणार आणि दाब उतरल्यावर यंत्र स्वतः सुरू होणार नाही, हे उघड आहे. स्टार्टर बिघडलेला नव्हता, तो आपल्या धर्माने वागत होता. आपोआप चालवायचे असेल तर जोडणीच वेगळी करावी लागते.

ती उस्तादांनी अशी करून दिली. एका फेजवरून लहान कंट्रोल फ्यूज. तेथून ओव्हरलोड रिलेचा बंद संपर्क, ज्यावर बहुधा ९५ आणि ९६ असे आकडे असतात. पुढे सिंगल फेज प्रिव्हेंटरचा संपर्क, मग दाबताच अडकून बसणारे लाल आपत्कालीन बटण, मग प्रेशर स्विच. हे चारही पहारेकरी एका रांगेत आल्यावर एक सिलेक्टर स्विच. तो ‘ऑटो’वर असेल तर वीज थेट कॉइलकडे जाते, ‘हँड’वर असेल तर हिरवे बटण आणि होल्डिंग यांच्यामधून जाते, मधोमध असेल तर कुठेच जात नाही. प्रेशर स्विच सिलेक्टरच्या आधी असल्यामुळे दोन्ही प्रकारांत जादा दाबाला मोटर बंदच होणार. खर्च म्हणाल तर एक सिलेक्टर, एक बटण आणि दीड चौरस मिलिमीटरची थोडी तार.

‘ऑटो’चा एक धोका मात्र प्रत्येक मालकाने समजून घ्यावा. वीज गेली म्हणून पोरगा पट्टा सरळ करायला हात घालतो, तेवढ्यात वीज येते आणि फ्लायव्हील फिरते. बोटे गेल्याच्या घटना अशाच घडतात. म्हणून पट्ट्यावर जाळीचे गार्ड पाहिजेच, आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी मेन आयसोलेटर पाडून त्याला कुलूप घातले पाहिजे. कुलपाची किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात. शिवाय कॉइलच्या आधी अर्ध्या-एक मिनिटाचा टायमर टाकला तर वीज परतताच यंत्र झडप घालत नाही आणि विजेचा दाबही तेवढ्यात स्थिर होतो.

रिले वारंवार का तुटत होता?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे दोष विजेचा नव्हताच.

पिस्टन कॉम्प्रेसर बंद झाला की हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीत दाबाची हवा अडकते. ती सोडून दिली नाही तर पुढच्या वेळी मोटरीला पहिल्याच फेऱ्यात तो दाब ढकलून उठावे लागते. म्हणून प्रेशर स्विचच्या बुडाशी एक छोटा अनलोडर व्हॉल्व्ह असतो. मोटर बंद होताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन नळी रिकामी होते आणि आवाज लगेच थांबतो. वाचकांनी आपल्या यंत्राचा हा आवाज आजच ऐकून पाहावा. आवाजच आला नाही तर अनलोडर चोंदला आहे किंवा त्याची बारीक नळी जोडलेलीच नाही. आवाज येऊन थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे आणि टाकीची हवा उलट येत आहे.

त्या तरुणाच्या यंत्रात अनलोडरची नळी दबून चपटी झाली होती. वाहतुकीत दोर आवळताना झाले असावे. हातभर तांब्याची नळी बदलली आणि रिले ट्रिप होणे थांबले. एवढ्याशा नळीसाठी रिलेची खुंटी टोकाला गेली होती.

रिले कितीवर ठेवायचा, तर मोटरच्या पाटीवर जितके अँपिअर लिहिले असतील तितक्यावर, त्याहून जास्त नाही. दहा हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅटची चार पोलची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १४ ते १५ अँपिअर घेते. साडेसात हॉर्सपॉवरची साधारण ११. पाटी पुसली गेली असेल तर हे आकडे अंदाजासाठी, नेमका आकडा रिवाइंडिंगवाल्याकडून काढून घ्यावा. रीसेट नेहमी ‘हँड’वर. रिले तुटला तर कोणीतरी उठून, कारण पाहून, मगच बटण दाबावे.

कॉइलचा घोळ आणि इतर वारसा

जुना स्टार्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी बनविलेली वस्तू. त्याच्या कॉइलवर किती व्होल्ट छापले आहेत ते आधी वाचावे. आपल्याकडे ४१५ आणि २३० अशा दोन्ही कॉइल सर्रास मिळतात. ४१५ची कॉइल फेज आणि न्यूट्रलवर लावली तर कॉन्टॅक्टर पूर्ण बसत नाही, गुरगुरत राहतो आणि त्याचे चांदीचे संपर्क जळतात. २३०ची कॉइल दोन फेजवर लावली तर थोड्याच वेळात धूर. कॉइल बदलणे स्वस्त आहे, अंदाज बांधणे महाग.

संपर्क उघडून पाहावेत. थोडे काळे पडले असतील तर चालते. खड्डे पडून चांदी संपली असेल तर पूर्ण संच बदलावा. त्यांच्यावर पॉलिश पेपर घासू नये, उरलेली चांदीही जाते. एल अँड टी कंपनीचे जुने स्टार्टर आपल्या भागात फार आहेत. त्या कंपनीचा हा व्यवसाय २०२० साली श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून माल ‘लॉरिट्झ नुडसेन’ नावाने येतो. सुटे भाग मागताना दुकानदाराने वेगळ्या नावाचा डबा दिला तर गोंधळून जाऊ नये, मॉडेल जुळवून घ्यावे.

पॅनेल सोबत आलेले असेल तर त्यात ‘जंपर’ शोधावा. मोठ्या कॉम्प्रेसरवर तेल कमी झाल्यास किंवा हेड तापल्यास यंत्र थांबविणारे स्विच असतात. पूर्वीच्या मालकाने कंटाळून त्यांची दोन टोके एका तुकड्याने थेट जोडलेली असतात. बाहेरून पॅनेल छान दिसते, आतून पहारा उठलेला असतो. पालींबद्दलही सांगून ठेवतो. पावसाळ्यात उबेसाठी पाल पॅनेलमध्ये शिरते आणि दोन फेजमध्ये आडवी पडते. तारांच्या भोकांना ग्लँड लावणे हाच त्यावरचा इलाज.

फ्यूजच्या जागी किटकॅटमध्ये तारेचे पाच-सहा पदर पिळून घालण्याची सवय तर आपल्या लोकांत घट्ट रुजली आहे. मोटरीसाठी योग्य मापाचे एचआरसी फ्यूज किंवा मोटर-संरक्षक ब्रेकर वापरावा. घरगुती एमसीबी मोटर सुरू होतानाच्या झटक्याने पडतो, आणि मग त्यालाही कोणीतरी काठी लावून धरतो!

काही जण स्टार्टरच वगळून मोटरीच्या तारा थेट प्रेशर स्विचमधून नेतात. दोन-तीन हॉर्सपॉवरच्या लहान यंत्रात, स्विचची क्षमता तेवढी असेल तर, हे चालते. दहा हॉर्सपॉवरला त्याचे बिंदू चिकटतात. चिकटले की दाब वाढतच जातो आणि मग केवळ सेफ्टी व्हॉल्व्हवर जीव अवलंबून. मोठ्या मोटरीत प्रेशर स्विचने फक्त कॉइलला हुकूम द्यावा, ओझे कॉन्टॅक्टरने उचलावे.

स्टार-डेल्टा असेल तर

दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या पुढे बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. थेट सुरू केलेली मोटर सुरुवातीला आपल्या नेहमीच्या अँपिअरच्या सहा-सात पट करंट ओढते. स्टारमध्ये तो एक तृतीयांश होतो. पण मोटरीची ताकदही एक तृतीयांशच होते, हे अनेक जण विसरतात. टाकीच्या दाबाविरुद्ध स्टारमध्ये कॉम्प्रेसर उठणारच नाही. टायमर डेल्टात टाकतो तेव्हा जो दणका बसतो तो थेट सुरू करण्याइतकाच. म्हणून अशा यंत्राला विजेवर चालणारा अनलोडर व्हॉल्व्ह बसवावा आणि डेल्टा कॉन्टॅक्टर बसल्यानंतरच हेडला भार घेऊ द्यावा.

जोडणीत दोन ठिकाणी हमखास चूक होते. मोटरच्या डब्यात सहा टोके असतात आणि त्यांवर तीन पितळी पट्ट्या. आमच्या पितळनगरी भंडाऱ्यात पितळ फेकायचा कोणाला जीव होत नाही, पण स्टार-डेल्टा करताना या पट्ट्या काढल्याच पाहिजेत. राहून गेल्या तर मोटर सुरू होताना फेजवर फेज येतो आणि स्फोटासारखा आवाज होतो. दुसरी चूक रिलेची. तो मोटरच्या गुंडाळीच्या वाटेत बसविलेला असेल तर त्यातून पाटीवरच्या अँपिअरचा फक्त ५८ टक्के करंट जातो. साडेचौदा अँपिअरच्या मोटरीला तो साधारण साडेआठवर ठेवावा लागतो. पूर्ण साडेचौदावर ठेवला तर तो आहे काय आणि नाही काय.

फेज, अर्थिंग आणि मंजूर भार

गावाच्या टोकाला असलेल्या दुकानांना वीज कशी मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळी धानाचे पंप चालू झाले की संध्याकाळी व्होल्टेज खाली येते, मोटर जादा करंट ओढते आणि तापते. डीओ उडून एक फेज जाणे तर नेहमीचेच. चालत्या मोटरीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोन पट किंवा त्याहून जास्त होतो. कॉन्टॅक्टरची कॉइल नेमकी शिल्लक राहिलेल्या फेजवर असेल तर त्याला काही कळतही नाही. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर ही चैन नाही. फेज उलटसुलट झाले तरी थांबविणारा प्रकार घ्यावा. महावितरणच्या माणसांनी लाइन दुरुस्त करताना दोन तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते. पिस्टन यंत्रात त्याने फ्लायव्हीलची हवा हेडवर न येता उलट दिशेला जाते आणि हेड तापते. स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर काही सेकंदांची उलटी फेरीही त्याचा आतला भाग खराब करू शकते. नव्या जोडणीनंतर पट्टा उतरवून, क्षणभर मोटर फिरवून बाणाची दिशा पाहावी. उलटी असेल तर दोन फेजच्या तारा आपसात बदलाव्यात.

तीन फेजच्या मोटरीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत, हा कायद्याचा नियम आहे आणि ओल्या फरशीवर अनवाणी काम करणाऱ्यांच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न आहे. पाण्याच्या पाइपाला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे.

आपल्या मीटरचा मंजूर भारही पाहावा. दहा हॉर्सपॉवर वाढविले तर तसा अर्ज द्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाळा चालविणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर आढळल्यास दुप्पट दराने आकारणी होते. आणि शेतीची वीज गाळ्याला वापरणे हलाल कमाईत बसते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

घेताना काय बोलून घ्यावे?

धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला भाग बाहेर काढणाऱ्या आणि तो वर का ठेवला नाहीस असे व्यापाऱ्याला विचारणाऱ्या पैगंबरांचा (स.) प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या मशिनरीच्या बाजारात ती ओली बाजू मोटरच्या आत असते. वरून नवा रंग मारला की दिसत नाही. मालातला ऐब माहीत असून लपविणे नाजायज आहे, आणि असा लपलेला ऐब निघाल्यास घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये खियार-ए-ऐब या नावाने मान्य आहे. आपल्यातील जे बांधव ही विक्री करतात त्यांनी मोटर रिवाइंड झालेली आहे का, तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, टाकीला वेल्डिंग झाले आहे का, हे स्वतःहून सांगावे. लिलावातील माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या अटीवर असतो. तेथे तपासणी बोलीच्या आधीच करावी लागते.

तपासणीला फार वेळ लागत नाही. टर्मिनलचा डबा उघडून वास घ्यावा. जळका वास वर्षभर राहतो. पाचशे व्होल्टच्या मेगरने गुंडाळी आणि सांगाडा यांमधला रोध पाहावा. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वीज देऊ नये. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेली मोटर ओलाव्यानेही कमी दाखविते, ती आधी बल्बच्या उबेत वाळवावी लागते. मग पट्टा काढून रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट क्लँप मीटरने पाहावा. तो तिन्हीकडे जवळपास सारखा आणि पाटीवरील आकड्याच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मा असावा. एका फेजचा आकडा बराच वेगळा आला तर सौदा तेथेच थांबवावा.

टाकीबद्दल एकच गोष्ट. खालचा नळ उघडून गंजाचे लाल पाणी किती येते ते पाहावे, आणि कामाच्या दाबाच्या दीडपट पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी. चाचणी पाण्यानेच करावी, हवेने कधीही नाही. गल्लीतल्या वेल्डरने ठिगळ लावलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

हे सर्व वाचून कोणी स्वतः पॅनेल उघडून बसू नये. काम लायसन्सधारक ठेकेदाराच्या माणसाकडूनच करून घ्यावे. पण काय करायचे ते मालकाला कळत असेल तर पुठ्ठ्याची घडी बटणात शिरत नाही.

तो साकोलीचा गाळा आता सुरू आहे. मोटर परत आली तेव्हा उस्तादांनी नवे सिंगल फेज प्रिव्हेंटर, सिलेक्टर आणि टायमर बसविला, रिले साडेचौदावर आणला. दाब दहा किलोला बंद आणि आठ किलोला सुरू असा ठेवला, म्हणजे तासातून सात-आठ वेळांहून जास्त मोटर सुरू होत नाही. पूर्ण दाबाजवळ तिन्ही फेजचा करंट पाहिला आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवला: १३.१, १३.३, १३.०. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जाण्यापूर्वी तो तरुण क्लँप मीटर लावून त्याखाली नवी ओळ लिहितो. आम्ही गेलो तेव्हा पाच ओळी झाल्या होत्या.